पॅनेलची वामकुक्षी

गावात त्यांना सगळे जपूनबाबा म्हणायचे. पन्नास वर्षं सुतारकाम केलं. खुर्ची असो, पाळणा असो की दाराची चौकट, वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देताना एकच वाक्य ठरलेलं, "जपून वापरा, उन्हात ठेवू नका." स्वतःच्या वस्तूंचं तर विचारूच नका. एकदा भर पावसात हा माणूस छत्री काखेत मारून चिंब भिजत घरी आला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "नवी आहे, भिजली असती."

तर अशा माणसाच्या घरावर सोलर आलं. म्हणजे मागच्या शेडच्या छतावर दोन काळी, चकचकीत पॅनेल बसली, आतल्या भिंतीला हिरवा, पिवळा आणि लाल दिवा असलेला एक डबा लागला आणि कोपऱ्यात बॅटरी विराजमान झाली. गावात तारेची वीज होती, नाही असं नाही. पण ती आली की हातातलं काम टाकून तिच्यामागे धावायचं, आणि धावत पोचेपर्यंत ती गेलेली असायची. सोलरचं तसं नव्हतं. चार दिवे, एक पंखा, टीव्ही, फोन, सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. आजी, म्हणजे जपूनबाबांची बायको, पहिल्या संध्याकाळी धान्य निवडायला बसली आणि म्हणाली, "अगं बाई, इतकी वर्षं आपण काय काय खाल्लं असेल."

नखरे मात्र सोलरलाही होते. आभाळ आलं की ते रुसायचं. धूळ बसली की आळसावायचं. पंखा चालू असताना मिक्सर लावला की डबा टूं करून सगळंच बंद करायचा, आणि मग मुलगा पंख्याच्या बाजूनं, आजी मिक्सरच्या बाजूनं असा सामना रंगायचा. बिघडलंच काही, तर सोलरवाली बाई एकटी. चाळीस गावं तिच्या एका मोपेडवर. आज निरोप धाडला तर पुढच्या आठवड्यात उगवायची. पण हे सगळं घरानं हसत सोसलं. लाडक्या जावयाचं सोसतात तसंच.

जपूनबाबांनी तर पॅनेलचं पालकत्वच घेतलं. रोज शिडी लावून वर जायचं, मऊ फडक्यानं काच पुसायची, कावळ्यांना शिव्या घालायच्या. बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता, "पंचवीस वर्षं बघायला नको." बाबांनी मनात ठरवलं, पंचवीस काय, आपण चाळीस चालवून दाखवू.

आणि इथेच घोळ झाला. ऊन तापायला लागलं तेव्हा एका दुपारी त्यांनी काचेला हात लावला आणि हात भाजला. बाबा हादरले. पन्नास वर्षं ज्या उन्हानं त्यांच्या फळ्या वाकवल्या, पॉलिश उडवलं, सांधे उकलले, त्याच उन्हात ही एवढी नाजूक वस्तू दिवसभर उघडी पडलेली. कुणाला काही वाटत कसं नाही? माणूससुद्धा दुपारी घटकाभर सावलीला टेकतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा अकराला वर जाऊ लागले. काच पुसायची, तिच्यावर जुनी जाड सतरंजी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या आणि खाली यायचं. तीनला पुन्हा वर जाऊन सतरंजी काढायची. शेडचं छत अंगणातून दिसत नव्हतं, त्यामुळे विचारायला कुणी नाही. सांगायला गेलं तर ही आजकालची मंडळी हसणार, म्हणून बाबा कुणाला बोललेही नाहीत.

त्याच आठवड्यात सून घरी आली, ती अंडी उबवायचं यंत्र घेऊन.

सून तालुक्याला, फळं पॅक करायच्या कारखान्यात कामाला होती. सहा दिवस तिथेच एका खोलीत चौघीजणींत राहायची आणि सातव्या दिवशी घरी यायची. तो सातवा दिवस बाबांच्या जिवाभावाचा. ती त्यांना पेपर वाचून दाखवायची आणि प्रत्येक बातमीवर त्यांच्याशी भांडायची. बायको भांडायची ती सवयीनं, मुलगा भांडायचाच नाही. मनापासून भांडणारी एवढी एकच. ती सोमवारी पहाटे गेली की बाबांना घर खायला उठायचं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण सोमवारी ते दोन वेळा दाढी करायचे.

यंत्र बायकांच्या गटाचं होतं. गटाची अट साधी. एक खेप काढून दाखवायची. निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली तर यंत्र त्या घरी राहणार, नाहीतर पुढच्या बाईकडे जाणार. सुनेनं कारखान्यातून महिनाभराची रजा काढली. "बाबा, हे जमलं ना, तर मी परत जाणार नाही," ती म्हणाली. "नाही जमलं तर आहेच पॅकिंग."

बाबांनी आपली झोपायची खोली, म्हणजे जुनी कामाची खोली, यंत्रासाठी अर्धी मोकळी करून दिली. एकशेवीस अंडी आत गेली. एकवीस दिवसांचा हिशेब. सुनेनं एक वही केली. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, असं तीन वेळा उष्णतामान बघायचं आणि लिहायचं. अक्षर असं, की शाळेत तपासायला पाठवावं.

चारपाच दिवस बरे गेले. मग भिंतीवरचा डबा संध्याकाळीच पिवळा दिवा दाखवायला लागला. जेवणं होईस्तोवर लाल. घरात खळबळ उडाली. सुनेनं फर्मान काढलं, यंत्र सोडून सगळं बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, जेवताना एकच दिवा. मुलगा उकाड्यानं अंगणात झोपायला गेला. आजीची मालिका ऐन लग्नाच्या प्रसंगात बुडाली.

"त्या पोरीचं लग्न झालं की नाही, तेवढं तरी कुणी सांगा," आजी म्हणायची.

आणि या बचतीत सर्वांत कडक कोण? जपूनबाबा. कुणी बटणाकडे नुसतं पाहिलं तरी ते खेकसायचे, "वस्तूची कदर नाही तुम्हाला. मी रोज वर चढून मरतो आणि तुम्ही इथे उधळा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फक्त चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक होती. बाबांना पहाटे चारलाच जाग यायची. यंत्राचा हिरवा दिवा त्यांच्या उशापासून चार हातांवर, आणि तो त्या वेळी विझलेला असायचा. रोज. सूर्य वर आला की आपोआप पेटायचा. बाबांनी विचार केला, बरोबर आहे, रात्रभर काम करून दमतं बिचारं, पहाटे डुलकी काढतं. आठला सून येऊन बघायची तोवर सगळं ठाकठीक. वहीत आकडे सरळ रांगेत.

चौदाव्या दिवशी सोलरवाली बाई उगवली. बारीकशी, पन्नाशीची, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. सकाळी दहाला वर चढली, पॅनेल बघितली आणि तिथूनच ओरडली, "चाळीस गावांत इतकी स्वच्छ काच पाहिली नाही मी. कोण पुसतं?"

बाबांची छाती दोन इंच फुगली.

तिनं वायरी तपासल्या, बॅटरी तपासली. सगळं उत्तम. मग ती चहा घेत बसली आणि डोकं खाजवायला लागली. "सावली पडते का कशाची? झाडबीड?"

"छे," सून म्हणाली. "उघडंच आहे."

"दुपारी कुठली सावली? कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन म्हणजे नुसता नाश्ता हो. ह्याचं खरं जेवण अकरा ते तीन. तेवढ्या वेळात जे पोटात जाईल त्यावर पुढची रात्र काढायची."

बाबांच्या घशात चहा अडकला. आजीनं पाठीवर दोन धपाटे घातले.

"आणि... काच तापून खराब नाही होत?" बाबांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"उन्हासाठीच जन्मली आहे ती, आजोबा. फार तापली तर थोडं काम कमी करते, हे खरं आहे. पण म्हणून जेवण गरम आहे, तर ताटच काढून घेणार का कुणी?" आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

बाबाही हसले. ते हसू कसं होतं ते त्यांचं त्यांनाच माहीत. त्या दिवशी अकरा वाजता ते शिडीकडे फिरकले नाहीत. सतरंजी गुपचूप कपाटामागे गेली. संध्याकाळी डब्यावर हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशीही हिरवा. पहाटेही यंत्र जागं. घरात आनंदीआनंद. सगळ्यांनी श्रेय सोलरवाल्या बाईला देऊन टाकलं. "हात लावला आणि बरं झालं, असा गुण आहे बाईचा," आजी म्हणाली, आणि मालिका लावली. लग्न मोडलं होतं.

बाबा मूग गिळून बसले. झालं गेलं, कुणाला कळलं नाही, कुणाचं नुकसान नाही. मग उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

एकविसावा दिवस उजाडला. सून सकाळपासून यंत्रासमोर बसली. एकाही अंड्याला तडा नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, काही नाही. आजीनं दोनदा जेवायला बोलावलं, ती उठली नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी तिनं पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे पलीकडचा शब्दन् शब्द बाबांना खाटेवर ऐकू येत होता.

"मधे यंत्र बंद पडलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "रोज काही तास जरी थंड झालं असेल, तरी पिल्लं उशिरा येतात. मग थांबायला हवं."

"एकदाही नाही, डॉक्टर. वही आहे माझ्याकडे. रोज तीन वेळा बघितलंय."

"मग काही उपयोग नाही, ताई. नीट ऊब मिळूनही काल तडा गेला नाही, म्हणजे आत काही नाही. आजच काढून पुरून टाका. ठेवलीत तर फुटतील आणि घरात बसवणार नाही."

सुनेनं फोन ठेवला. रडली नाही ती. वही मिटली, तिच्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "मागे खड्डा खणतोस का? मी शनिवारी परत जाते म्हणून मुकादमबाईंना कळवते."

तो फावडं घेऊन गेला. ती घमेलं आणायला स्वयंपाकघरात गेली.

खोलीत बाबा आणि एकशेवीस अंडी. मागून फावड्याचा आवाज यायला लागला. बाबांच्या मनात काय काय आलं म्हणून सांगू? बोललो तर गाव हसेल. जपूनबाबा, ज्यानं लोकांना वस्तू सांभाळायला शिकवलं, तो उन्हावर चालणारी वस्तू उन्हापासून लपवत होता. सुनेला तोंड कसं दाखवायचं? आठदहा दिवस आपण तिच्यासमोर इतरांवर खेकसलो. आणि नाही बोललो, तर... ती म्हणाली ना, शनिवारी. आणि आत जर जीव असतील, तर ते त्या खड्ड्यात.

सून घमेलं घेऊन आली, खाली बसली आणि यंत्राच्या झाकणाला हात घातला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना तू चुकीचं सांगितलंस."

तिनं वळून बघितलं. "मी? वही दाखवू का?"

"वही बरोबर आहे. पण वहीत पहाटेचे चार नाहीत." बाबांनी यंत्राच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "रोज बंद पडायचं ते. चारला मी बघायचो. ऊन येईपर्यंत बंदच. आणि ते माझ्यामुळे. मी पॅनेल झाकत होतो."

"काय करत होता?"

"अकरा ते तीन. सतरंजी टाकून. उन्हानं खराब होऊ नये म्हणून."

घमेलं तिच्या हातातून निसटलं. आवाज ऐकून आजी आली, फावड्यासकट मुलगा आला. सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षाही मूर्खपणाचं वाटलं.

"आठदहा दिवस आम्ही अंधारात जेवलो," सून हळूच म्हणाली. "आणि तुम्ही आम्हालाच ओरडत होता."

"हो."

"आठ दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर मी काल रात्रभर अशी तळमळले नसते."

"हो," बाबा म्हणाले. "लाज वाटली."

"माझी मालिका गेली ती गेलीच," आजी म्हणाली, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सुनेनं फोन उचलला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा खोकले, ते बहुधा हसू दाबण्यासाठी असावं, आणि म्हणाले, "रोज तीनेक तास? मग दोन दिवस अजिबात उघडू नका. बघू या."

त्या दिवशी घरात बाबांशी कुणी बोललं नाही. चहा आला तोही कप आपटून. बाबा खाटेवर बसून यंत्राकडे बघत राहिले. जेवणाचं ताट तसंच परत गेलं. आयुष्यात इतकं वाईट त्यांना एकदाच वाटलं होतं, आई गेली तेव्हा. आणि तेव्हा निदान चूक त्यांची नव्हती.

तेविसाव्या दिवशी दुपारी सून यंत्राजवळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बाबा उठले, गुडघे टेकले आणि यंत्राच्या बाजूला कान लावला. लाकडात किडा आहे की नाही ते ओळखायला सुतार फळीला कान लावतो, तसा. बराच वेळ यंत्रातल्या पंख्याची घरघरच ऐकू आली. मग त्या घरघरीच्या खाली काहीतरी. टक. थांबून पुन्हा टक टक.

"सूनबाई," ते कुजबुजले. "इकडे ये. श्वास घेऊ नकोस."

तिनं कान लावला. दोघं सासरा-सून यंत्राच्या दोन बाजूंना कान चिकटवून बसलेले, मधे खोकाभर टकटक. आधी तिचे डोळे भरले, मग ती हसायला लागली आणि मग तिला दोन्ही थांबवता येईना. तीन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. बाबांनी पंच्याचं टोक पुढे केलं. तिनं ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशेवीसांतून एक्क्याण्णव पिल्लं बाहेर आली. खोलीभर चिवचिवाट. आजी पिल्लांना नातवंडांसारखी दटावत फिरत होती. मुलगा खणलेला खड्डा बुजवून आला आणि म्हणाला, "फुकट गेला, पण चांगला खणला होता."

गटाच्या आठदहा बायका पिल्लं बघायला आल्या. अध्यक्षबाईंनी स्वतः मोजली, दोनदा. यंत्र इथेच राहणार हे तिथेच जाहीर झालं.

"पण तीन दिवस उशीर कसा ग झाला?" एकीनं विचारलं.

सुनेनं बाबांकडे पाहिलं, क्षणभरच. "मधे आभाळ होतं ना," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात आभाळात बोटभर ढग नव्हता. बाबांना कळलं की पोर आपली अब्रू झाकते आहे. गप्प बसले असते तर सगळं निभावून गेलं असतं. पण एकदा गप्प बसण्याची चव त्यांनी घेतली होती.

"आभाळ नव्हतं," ते खाटेवरून म्हणाले. "मीच रोज दुपारी पॅनेलवर सतरंजी टाकत होतो. ऊन लागू नये म्हणून."

आधी एकजण फिसकन हसली आणि मग सगळी खोली हसली. पिल्लंसुद्धा घाबरून एका कोपऱ्यात गेली. बाबा तोंड पाडून बसून राहिले. हसावं त्यांनी, हक्कच होता.

फक्त दोघीजणी हसत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या घरातली थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एकमेकींकडे बघत होत्या. सोलर त्यांच्याही घरावर होतं.

"म्हणजे झाकायचं नसतं?" थोरलीनं विचारलं.

"मामंजी तर म्हणाले, सुतारबाबा रोज दुपारी झाकतात, आपल्या छतावरून दिसतं मला," धाकटी म्हणाली. "म्हणून आम्हीपण..."

पुढचं न बोलता दोघी चपला घालून निघाल्या. अध्यक्षबाईही, "मला जरा काम आठवलं," म्हणत घाईघाईनं उठल्या. त्यांच्या घरी कसलं काम होतं ते कुणी विचारलं नाही.

खोली रिकामी झाली तेव्हा सुनेचा फोन वाजला. मुकादमबाई होत्या. शनिवारचं नक्की ना, म्हणून विचारत होत्या. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बाबांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. तो उलटा होता, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच.

"नाही येत, बाई," सून म्हणाली. "नाही, शनिवारी नाही आणि नंतरही नाही. एक्क्याण्णव पिल्लं आहेत घरात." तिनं बाबांकडे बघितलं आणि आवाज मुद्दाम चढवला. "आणि एक म्हातारं माणूस आहे. पिल्लांचं एक वेळ चालेल, पण त्यांच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं."

"म्हातारं कुणाला म्हणतेस?" बाबा पेपरामागून खेकसले.

"ऐकलंत ना," सून फोनवर म्हणाली, "ठेवते मी. इथे भांडण सुरू झालंय." आणि ती खाटेच्या कडेला येऊन बसली, पेपर सरळ करून त्यांच्या हातातून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.